देणगीचे ऋण आणि मताचे मोल
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजच्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव आहे. दिसावयास तो लहान आहे. कोणत्याही एका व्यक्तीकडून अथवा व्यवसायसंस्थेकडून मंडळाने एका वर्षात किती रक्कम स्वीकारावी, यावर मर्यादा घालावी काय, एवढाच त्याचा आशय. या ठरावाच्या अनुषंगाने दोन शब्द बोलावे, अशी आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली. आम्ही पेशाने वैद्य. राज्यशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तरीही ही आज्ञा आम्ही आनंदाने स्वीकारली, कारण हा प्रश्न हिशेबाच्या वहीपुरता नाही. ज्याच्या हाती थैली त्याच्या हाती निर्णय, हा व्यवहार जगभरच्या लोकशाह्यांना कसा ग्रासत आहे, याचा विचार केल्याखेरीज या लहानशा ठरावाचे महत्त्व कळणार नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्या खर्चाचा मोठा भार दोन-तीन दात्यांनी उचलला, हे आपण सारे जाणता. त्यांच्या हेतूविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु यंदा सभागृहाचे भाडे देण्याची तयारी ज्या पत्राने कळविण्यात आली, त्याच पत्रात जयंतीस प्रमुख पाहुणे म्हणून भारतातील कोणत्या नेत्यास पाचारण करावे, ही सूचनाही होती. सूचना नम्र होती, अट नव्हती. पण ती वाचल्यावर कार्यकारिणीतील कोणासही दुसरे नाव सुचविण्याचा धीर झाला नाही. त्या एका क्षणात जे घडले, तेच मोठ्या प्रमाणावर राष्ट्रांच्या राजकारणात घडत असते. म्हणून आज आपण त्याचा शांतपणे विचार करू.

बंधू-भगिनींनो, पैसा हा स्वभावतः वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. परमपूज्य बाबासाहेबांच्या जीवनातच दात्यांचे स्थान मोठे आहे. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची सेवा करावी, असा करार त्यामागे होता. अट होती, परंतु ती लेखी होती, उघड होती आणि दोन्ही पक्षांस ठाऊक होती. १९१७ साली त्या कराराप्रमाणे बाबासाहेब बडोद्यास गेले, तेव्हा या उच्चविद्याविभूषित पुरुषास राहावयास घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना अपमानित होऊन बाहेर पडावे लागले. यातून एक धडा घेण्यासारखा आहे. उदार राजा शिक्षणाची संधी देऊ शकतो. परंतु माणुसकीचा हक्क राजाच्या खजिन्यातून मिळत नाही. त्यासाठी समाजाची संघटित शक्ती लागते.

पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाले. त्याकरिता राजर्षी शाहू छत्रपतींनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. उलटपक्षी, पैसे घेऊनसुद्धा 'मूकनायक'ची जाहिरात छापण्यास 'केसरी'ने नकार दिला. धन देऊन जसा प्रभाव पडतो, तसाच धनवानांचे दार बंद करूनही पडतो, हे आपल्या चळवळीने पहिल्याच वर्षी अनुभवले. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले आणि १९२९ साली द्रव्याअभावी बंद पडले. तेव्हा पैशाची निकड काय असते, हे आपल्या चळवळीस कोणी शिकवावयास नको. आम्ही मर्यादेची गोष्ट बोलतो ती गरिबीचा अनुभव विसरून नव्हे.

मग दात्यादात्यांत भेद कोणता? त्याचे उत्तर १९३२ सालच्या घटनांत सापडते. पुणे करारानंतर सप्टेंबरअखेर अस्पृश्यतानिवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ या नावाने ओळखली गेली. तिचे अध्यक्ष होते देशातील एक अग्रगण्य उद्योगपती घनश्यामदास बिर्ला आणि कार्यवाह होते अमृतलाल ठक्कर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बोटीतून प्रवास करीत असता बाबासाहेबांनी ठक्करांस सविस्तर पत्र लिहिले. विहिरी, शाळा, रस्ते यांवरील नागरी हक्कांसाठी संघाने झगडावे, असा त्यांचा आग्रह होता. संघाने मार्ग पत्करला तो मुख्यत्वे शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, दवाखाने अशा कल्याणकार्याचा. ही कामे निरुपयोगी होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु संघाच्या कारभारात अस्पृश्यांचा अधिकार असावा ही मागणी झाली, तेव्हा उत्तर असे मिळाले की, हा सवर्णांनी करावयाच्या प्रायश्चित्ताचा निधी आहे. त्याचा विनियोग कसा करावा हे ऋणको ठरवील. ज्यांच्यासाठी निधी, त्यांचाच त्यावर अधिकार नाही, ही स्थिती बाबासाहेबांना मान्य होणे शक्य नव्हते. १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांच्या अस्पृश्यविषयक कार्याची चिकित्सा करणारा जो ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला, त्यात या संघाच्या पैशामुळे अस्पृश्यांची स्वतंत्र चळवळ कशी निस्तेज होते, हे त्यांनी दाखविले. १९२१ साली एक कोटीचे उद्दिष्ट ठेवून उभारलेल्या टिळक स्वराज्य फंडातून अस्पृश्यांच्या वाट्यास किती आले, याचा हिशेबही त्यांनी काँग्रेसच्याच कागदपत्रांवरून आकड्यांनिशी मांडला. देणगीच्या प्रश्नाकडे पाहण्याची बाबासाहेबांची ही पद्धत आपण ध्यानात घ्यावी. दाता सज्जन आहे की दुर्जन, हे त्यांनी विचारले नाही. पैसा कोठून आला, कोठे गेला आणि तो कोणाच्या हुकमाने खर्च झाला, हे त्यांनी विचारले.

आता स्वतंत्र भारताकडे वळू. १९५७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. टाटांच्या पोलाद कंपनीस राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करावयाचा होता आणि एका भागधारकाने त्यास हरकत घेतली होती. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्याच्या चौकटीत कंपनीस अनुमती दिली. परंतु कंपन्यांच्या धनामुळे लोकशाहीचा श्वास कोंडला जाईल, असा गंभीर इशारा त्यांनी निकालपत्रात दिला आणि संसदेने या धोक्याचा विचार करावा असे सुचविले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली, हा योगायोग लक्षणीय आहे. देशातील सर्वांत निर्धन समाजाचा पक्ष ज्या वर्षी जन्मास आला, त्याच वर्षी सर्वांत धनाढ्य उद्योगांना राजकारणात पैसा घालण्याची वाट न्यायालयीन मान्यतेने खुली झाली.

पुढे १९६९ साली कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर संपूर्ण बंदी आली आणि १९८५ साली ती उठली. बंदीच्या काळात पैसा थांबला नाही. तो केवळ अंधारात गेला. २०१३ च्या कंपनी कायद्याने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के अशी मर्यादा ठेवली होती. २०१७ साली तीही काढण्यात आली आणि निवडणूक रोख्यांची योजना आणली गेली. २ जानेवारी २०१८ रोजी ती अधिसूचित झाली. एक हजारापासून एक कोटी रुपयांपर्यंतचे रोखे स्टेट बँकेतून घ्यावेत व पक्षास द्यावेत. देणाऱ्याचे नाव मतदारास कळू नये, अशी तिची रचना. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ती घटनाबाह्य ठरविली. मतदारास माहितीचा हक्क आहे आणि पक्षास पैसा कोण देतो हे कळल्यावाचून मत देण्याचा हक्क अपुरा राहतो, हे त्या निर्णयाचे सार.

त्यानंतर जी माहिती उघड झाली ती आपण वाचली असेल. एप्रिल २०१९ पासून निर्णयाच्या दिवसापर्यंत सुमारे बारा हजार कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. त्यांपैकी सहा हजार कोटींहून अधिक रक्कम एकट्या भारतीय जनता पक्षास मिळाली. तृणमूल काँग्रेस, काँग्रेस, भारत राष्ट्र समिती यांच्या वाट्यासही प्रत्येकी हजार कोटींहून अधिक रक्कम आली. सर्वाधिक रोखे घेणारी संस्था लॉटरीच्या व्यवसायातील होती. तिची खरेदी तेराशे कोटींच्या पुढे होती. हा रोग एका पक्षाचा नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. ज्यांनी रोखे स्वीकारले नाहीत, अशांत दोन्ही कम्युनिस्ट पक्ष आणि बहुजन समाज पक्ष यांची नावे होती.

येथे मान्यवर कांशीराम यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पुण्याजवळ खडकीच्या संशोधन प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या या गृहस्थांनी शिकलेल्या, नोकरदार वर्गाने समाजाचे ऋण फेडावे हा विचार मांडला. १९७८ साली बामसेफ, १९८१ साली डीएस-४ आणि १४ एप्रिल १९८४ रोजी बहुजन समाज पक्ष, ही त्यांची वाटचाल. मताबरोबर प्रत्येकाने एक नोटही द्यावी, असे आवाहन त्यांनी केले. यामागील विचार केवळ तिजोरी भरण्याचा नव्हता. ज्याने आपल्या मजुरीतील एक रुपया दिला, तो माणूस ते राजकारण आपले समजतो. तो सभेस येतो, प्रश्न विचारतो आणि मत विकण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो. हजार लोकांचा एकेक रुपया आणि एका माणसाचे हजार रुपये, ही बेरीज वहीत सारखी दिसते. राजकारणात ती सारखी नसते.

महाराष्ट्रातील आपल्या राजकारणाची कथा याहून दुःखद आहे. रिपब्लिकन पक्षाची शकले का झाली, याची कारणे अनेक आहेत. नेत्यांचा अहंकार आहे, प्रस्थापितांचे डावपेच आहेत. परंतु पैशाचे कारण आपण टाळतो. ज्या नेत्याच्या मागे वर्गणीदार कार्यकर्ते नाहीत, त्याला निवडणुकीचा खर्च कोणाकडून तरी घ्यावाच लागतो. आणि ज्याच्याकडून तो घ्यावयाचा, त्याच्याशी युतीही करावी लागते. आज १४ एप्रिलला आपल्या वस्त्यांत जे भव्य फलक लागतात, त्यांवर बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी कोणाचे चेहरे असतात? कमानीचा, ध्वनिक्षेपकांचा, रोषणाईचा खर्च कोण देतो? ज्यांचा समतेच्या लढ्याशी काडीचा संबंध नाही, असे कंत्राटदार आणि इच्छुक उमेदवार तो देतात; आणि निवडणूक आली की, त्या खर्चाची वसुली वस्तीतील मतांतून होते. मतदानाच्या आदल्या रात्री नोट घेणाऱ्या मोलकरणीस दोष देणे सोपे आहे. तिने घेतलेली नोट दुसऱ्या दिवशी चुलीत खर्च होते. परंतु वस्तीच्या नावाने जो ठोक सौदा करतो, त्याच्या व्यवहाराचे व्याज तिची मुलेबाळे फेडीत राहतात.

आता ज्या देशात आपण राहतो, कर भरतो आणि मुले वाढवितो, त्याकडे पाहू. नेदरलँड हा श्रीमंत देश, येथे सारे स्वच्छ असेल, असा आपला समज असतो. येथील इतिहास अधिक बोधप्रद आहे.

१८९४ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये हिरेकामगारांचा संघ स्थापन झाला. हेन्री पोलाक हे त्याचे नेते. सदस्यांत ज्यू कामगारांचे प्रमाण फार मोठे होते. उपेक्षित समाजातील, हातावर पोट असलेली ही माणसे. पोलाक यांनी त्यांच्याकडून भरघोस वर्गणी घेण्याचे धोरण ठेवले. स्वतःचा निधी असल्याशिवाय मालकापुढे ताठ मानेने उभे राहता येत नाही, हे त्यामागील सूत्र. त्या वर्गणीतून १९०० साली बेर्लाखे या विख्यात वास्तुशिल्पज्ञाने संघाची वास्तू बांधली. गढीसारख्या दिसणाऱ्या त्या इमारतीस लोक गढीच म्हणू लागले. १९११ साली या संघाने आठ तासांचा कामाचा दिवस मिळविला. अ‍ॅमस्टरडॅमला जाल तेव्हा ती वास्तू मुलांना अवश्य दाखवा. गरीब माणसांच्या नाण्यांतून काय उभे राहते, याचे ते दगडी प्रमाणपत्र आहे.

त्यानंतर अनेक दशके येथील समाज कॅथलिक, प्रॉटेस्टंट, समाजवादी अशा स्तंभांत विभागलेला होता. प्रत्येकाच्या शाळा वेगळ्या, वृत्तपत्रे वेगळी, आकाशवाणी संस्था वेगळ्या. त्या व्यवस्थेत संकुचितपणा पुष्कळ होता. परंतु पक्षांचा खर्च प्रामुख्याने सदस्यांच्या वर्गणीतून चाले. १९६० नंतर हे स्तंभ ढासळले, सदस्य घटले आणि पैशाचा प्रश्न निर्माण झाला. १९९९ च्या कायद्याने किमान एक हजार सदस्य व संसदेत जागा असलेल्या पक्षांना सरकारी अनुदान मिळू लागले. पण खाजगी देणग्यांवरील नियम फार सैल होते. २००२ साली पिम फोर्तुइन यांच्या नव्या पक्षामागे स्थावर मालमत्तेच्या व्यवसायातील धनिक उभे राहिले, तेव्हा ही ढिलाई सर्वांच्या ध्यानात आली. २००८ साली युरोप परिषदेच्या भ्रष्टाचारविरोधी गटाने या देशाच्या नियमांवर टीका केली आणि १ मे २०१३ पासून नवा कायदा अमलात आला. साडेचार हजार युरोंवरील देणगीदाराचे नाव जाहीर करणे त्याने बंधनकारक केले.

नावे जाहीर होऊ लागली, परंतु रकमेस मर्यादा नव्हती. २०२१ च्या निवडणुकीच्या वेळी डी-६६ या पक्षास स्टीव्हन स्खूरमान या संगणक-उद्योजकाने दहा लाख युरो दिले. त्यांनीच प्राणिहितवादी पक्षास साडेतीन लाख दिले. ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षास हान्स फान देर विंड या उद्योजकाकडून सुमारे बारा लाख युरो मिळाले. हे सारे कायदेशीर होते आणि उघड होते. पहिल्या दात्याचा हेतू तर हवामानबदल रोखण्याचा होता. तरीही देशात खळबळ उडाली. डच मतदारांनी विचारले की, सामान्य सदस्य वर्षाकाठी काही दहा युरो देतो आणि एक गृहस्थ दहा लाख देतो, तर पक्षाध्यक्ष दूरध्वनी कोणाचा आधी उचलील? अखेर १ जानेवारी २०२३ पासून एका दात्याकडून एका पक्षास वर्षाला एक लाख युरोंहून अधिक देणगीस मनाई झाली. जाहीर करण्याची मर्यादा एक हजार युरोंवर आली. आणि परदेशस्थ डच मतदार सोडल्यास परदेशातून येणाऱ्या देणग्या बंद झाल्या. यापूर्वी खेर्ट विल्डर्स यांच्या पक्षास अमेरिकेतील एका उजव्या विचाराच्या संस्थेकडून पैसा येत असे. २०१५ साली ती रक्कम एक लाख युरोंच्या वर होती. त्या पक्षास विल्डर्स यांच्यावाचून दुसरा सदस्य नाही, म्हणून तो अनुदानासही पात्र नाही. जेथे सदस्य नाहीत, तेथे नेत्यास जाब विचारणारा कोणी उरत नाही, हेही आपण पाहिले.

एक लाख युरो ही मर्यादाही लहान नाही. येथील सामान्य वेतनदाराच्या दोन वर्षांच्या मिळकतीहून ती अधिक आहे. परंतु मर्यादा असावी, हे तत्त्व मान्य झाले, हे महत्त्वाचे. अमेरिकेत २०१० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावरील बंधने रद्द केली. त्याची परिणती आपण २०२४ साली पाहिली. एका उद्योगपतीने अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पंचवीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम ओतली आणि निवडणुकीनंतर शासनाची खाती छाटण्याचे काम त्याच्याच हाती आले.

कोणी म्हणेल, पैशाने निवडणूक जिंकता येतेच असे नाही. हे खरे आहे. बारा लाख युरो मिळूनही ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाच्या जागा १९ वरून १५ वर आल्या. त्याच अमेरिकन उद्योगपतीने एप्रिल २०२५ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील न्यायाधीशपदाच्या निवडणुकीत कोट्यवधी डॉलर खर्च केले. त्याचा उमेदवार पडला. परंतु दात्याचा प्रभाव मतपेटीतच शोधणे चूक आहे. कोणता प्रश्न चर्चेस घ्यावयाचा, कोणता बाजूस ठेवावयाचा, कोणास उमेदवारी द्यावयाची आणि कोणाची भेट आधी घ्यावयाची, येथे तो काम करतो. पूर्वीचा धनिक उमेदवार विकत घेई; आजच्या धनिकास विषयपत्रिका पुरते.

येथे आमच्या व्यवसायातील एक अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी डॉक्टरांस भेटवस्तू देत, भोजन देत, परिषदांचा खर्च देत. कोणत्याही डॉक्टरास विचारावे, तो शपथेवर सांगेल की, जेवणामुळे माझी लेखणी वळत नाही. २०१६ साली अमेरिकेत एक विस्तृत अभ्यास प्रसिद्ध झाला. वीस डॉलरांहून कमी किमतीचे एकच भोजन घेतलेले डॉक्टरही त्या कंपनीचे औषध इतरांहून अधिक प्रमाणात लिहून देत असल्याचे त्यात आढळले. यावरून कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही. परंतु ते डॉक्टर लबाड होते असेही त्यातून निघत नाही. मनुष्याच्या मनात कृतज्ञता ही नैसर्गिक प्रवृत्ती आहे आणि ती नकळत काम करते, एवढे मात्र वैद्यकास मान्य करावे लागले. म्हणूनच नेदरलँडमध्ये २०१२ पासून ठरावीक रकमेपुढचे असे व्यवहार सार्वजनिक नोंदवहीत येतात आणि कोणताही रुग्ण आपल्या डॉक्टराचे नाव तेथे पाहू शकतो. डॉक्टरांच्या प्रामाणिकपणावर अविश्वास म्हणून हा नियम झाला नाही. रुग्णाचा विश्वास टिकावा म्हणून झाला. आपल्या ठरावामागील भूमिका नेमकी हीच आहे.

या प्रश्नावर आपल्या धम्मपरंपरेतही मार्गदर्शन आहे. भगवान बुद्ध वैशालीस आले असता गणिका आम्रपालीने त्यांना भोजनाचे निमंत्रण दिले व त्यांनी ते स्वीकारले. मागाहून वैशालीचे सत्ताधीश लिच्छवी रथांतून आले. एक लक्ष मुद्रा घे आणि हे भोजन आम्हांस दे, असे त्यांनी तिला म्हटले. तिने नाकारले. मग ते तथागतांकडे गेले. आपण आम्रपालीचे निमंत्रण आधीच स्वीकारले आहे, असे सांगून तथागतांनी राजपुत्रांस नम्रपणे नकार दिला. पुढे आम्रपालीने आपले आम्रवन संघास दान केले आणि ते स्वीकारले गेले. दान घेण्यास संघाचा विरोध नव्हता. परंतु मोठ्या थैलीमुळे आधी दिलेला शब्द बदलला नाही आणि प्रतिष्ठेच्या उतरंडीस तेथे स्थान मिळाले नाही.

बंधू-भगिनींनो, आता आपल्या कर्तव्याचा विचार करू. प्रथम एक कायदेशीर बाब. आपल्यापैकी पुष्कळांनी डच नागरिकत्व घेतले आहे. भारताच्या परकीय योगदान नियमन कायद्यानुसार भारतीय राजकीय पक्षांना परकीय नागरिकांकडून पैसा घेता येत नाही. ओसीआय पत्र जवळ असल्याने त्यात फरक पडत नाही. ज्यांच्याकडे आजही भारतीय पारपत्र आहे, त्यांना स्वतःच्या कमाईतून देणगी देता येते. म्हणून मंडळाच्या नावाने भारतातील कोणत्याही पक्षासाठी वा उमेदवारासाठी निधी गोळा होता कामा नये. ज्या मार्गाने आपले हितशत्रू आपणांस बदनाम करू शकतात, तो मार्ग आपण आपल्या हाताने उघडू नये.

दुसरी बाब या देशाची. येथे पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य केलेल्या परकीय रहिवाशास नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देता येते. १९८६ पासून हा हक्क अस्तित्वात आहे. लाख युरोंचा दाता होणे आपल्या हाती नाही. मतदार होणे, पक्षाचा सदस्य होणे, सभेत उभे राहून प्रश्न विचारणे आपल्या हाती आहे. विशेषतः आमच्या तरुण मुला-मुलींनी हे करावे.

तिसरी बाब आपल्या ठरावाची. त्यात चार कलमे आहेत. एका दात्याकडून वार्षिक खर्चाच्या दशांशाहून अधिक रक्कम घेऊ नये. प्रत्येक देणगीची रक्कम व नाव या स्मरणिकेत छापावे. शुभेच्छा-जाहिरातींचाही त्यात समावेश असावा. पाहुणे, विषय व ठराव हे केवळ सभेने ठरवावेत. आणि सदस्य-वर्गणी मिळकतीच्या मानाने असावी; विद्यार्थ्यांस ती नाममात्र असावी.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. मंडळ मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना जे साहाय्य करते, त्याचा मोठा भाग मोठ्या दात्यांकडून येतो. मर्यादा घातली तर एखाद्या मुलीचे शिक्षण अडेल, त्याचे काय? आम्ही या प्रश्नास बगल देणार नाही. तत्त्वाच्या शुद्धतेसाठी त्या मुलीने किंमत मोजावी, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. म्हणून आमची सूचना अशी की, विद्यार्थी-साहाय्याचा हिशेब वेगळा ठेवावा. तेथे दात्याने कितीही द्यावे. परंतु त्याचे नाव व्यासपीठावर घेतले जाऊ नये आणि विद्यार्थ्यांची निवड त्याच्या हाती नसावी. मर्यादा लागू व्हावी ती आपल्या सभागृहास, व्यासपीठास आणि या स्मरणिकेस. त्यामुळे पुढील वर्षी सभागृह लहान घ्यावे लागेल. जेवण बाहेरून न मागविता घरोघरी रांधून आणावे लागेल. स्मरणिकेची पाने कमी होतील आणि कागद साधा असेल. हे नुकसान आम्हांस सोसण्याजोगे वाटते.

ज्या दात्यांनी आजवर मंडळास हात दिला, त्यांच्याविषयी आमच्या मनात कृतज्ञता आहे आणि ती आज सभेत व्यक्त केलीच पाहिजे. त्यांनाही आमची विनंती आहे की, या ठरावास त्यांनीच अनुमोदन द्यावे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता की, राजकारणात आपण एक व्यक्ती, एक मत आणि त्या मताचे एकच मोल मान्य करीत आहोत; परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात हे समान मोल नाकारीत राहिलो, तर ही विसंगती लोकशाहीस उद्ध्वस्त करील. राष्ट्राची विसंगती एका सभेत दूर होणार नाही. आपल्या मंडळातील विसंगती मात्र आज, हात वर करून, दूर करता येईल. येथे वर येणाऱ्या प्रत्येक हाताचे मोल सारखे आहे; रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेच्या हाताचे आणि कंपनीच्या संचालकाच्या हाताचेही.

एवढे बोलून आम्ही आमचे निवेदन संपवितो. ठरावावर आपण निर्भयपणे चर्चा करावी, विरोध असेल तर तोही मोकळेपणाने मांडावा आणि मग मतदान करावे.

जयभीम! जय भारत!